आगकाड्यांना चालायला लावणारे दादासाहेब फाळके: कॅमेरा थांबवून सिनेमा सुरू करणाऱ्या माणसाची गोष्ट

मोबाईलवर फायटिंग गेम खेळताना एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. समोरचा पैलवान दिसायला तगडा असतो. दंड फुगलेले, छाती पुढे, डोळ्यांत राग. पण तो चालायला लागला की सगळी दहशत जाते. ओल्या फरशीवरून घसरत निघाल्यासारखा तो पुढे येतो. पाय हलतात, पण जमिनीला टेकल्यासारखे वाटतच नाहीत.

नागपूरजवळच्या कळमेश्वरात बसून एखादा पोट्टा आज स्वतःचा गेम बनवायला घेतो, तेव्हा त्याची पहिली डोकेदुखी हीच असते. ठोसा मारणं एकवेळ जमतं, चालणं जमत नाही.

निर्जीव वस्तूला खरी वाटेल अशी हालचाल कशी द्यायची, या प्रश्नाशी आपल्याकडे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एक मराठी माणूस झटत होता. त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. एक हाताने फिरवायचा कॅमेरा होता, आणि आगकाड्या होत्या.

तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच आपले दादासाहेब फाळके.

'राजा हरिश्चंद्र' सगळ्यांना माहीत आहे. शाळेच्या पुस्तकात तेवढं एक वाक्य असतंच. पण 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी एक वाटाणा होता आणि नंतर आगकाड्या होत्या, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. आणि खरं सांगायचं तर वाटाणा नसता, तर हरिश्चंद्रही झाला नसता.

आधी समजून घेऊ, चालणं इतकं अवघड का?

आपण रोज चालतो म्हणून ते सोपं वाटतं. प्रत्यक्षात चालणं म्हणजे पडणं आणि स्वतःला सावरणं. वजन पुढे झुकतं, तोल जातो, आणि आपण तोंडावर आपटण्याआधी दुसरा पाय पुढे येऊन टेकतो. मग पुन्हा तेच.

अ‍ॅनिमेशन करणारे याचे चार मुख्य क्षण पकडतात. टाच जमिनीला लागते तो क्षण. मग वजन येतं, गुडघा दबतो आणि शरीर खाली जातं. मग मागचा पाय टेकलेल्या पायाजवळून पुढे निघतो. आणि शेवटी पंजावर जोर देऊन शरीर सगळ्यात उंच जातं. सेकंदाला २४ चित्रं धरली, तर साध्या चालीत एका पावलाला १२ आणि दोन पावलांना २४ चित्रं लागतात. ही दोन पावलं एकदा नीट बसली की तीच पुन्हा पुन्हा फिरवायची. शेवटच्या चित्रानंतर पहिलं चित्र आलं तरी सांधा दिसता कामा नये. यालाच वॉक सायकल म्हणतात.

लढणाऱ्याचं गणित थोडं वेगळं. तो बाजारात निघालेल्या माणसासारखा चालत नाही. लाल मातीत कुस्ती जुंपण्याआधी एकमेकांभोवती फिरणारे दोन पैलवान आठवा. गुडघे सतत वाकलेले, वजन पंजांवर, डोकं फारसं वरखाली होत नाही. पाय एकमेकांना ओलांडत नाहीत. एक सरकतो, मग दुसरा त्याच्या मागे येतो. पाय ओलांडले की तोल गेला, आणि तोल गेला की समोरच्याने उचललंच.

आणि या सगळ्यात एक नियम मोडायचा नाही. टेकलेला पाय टेकलेल्या जागीच राहिला पाहिजे. शरीर जितकं पुढे जातं त्याच्याशी पावलाचा हिशोब जुळला नाही, की आपला पैलवान ओल्या फरशीवर जातो.

आता कॉम्प्युटर बाजूला ठेवा आणि हे काम एकेक फोटो काढून करायची कल्पना करा.

त्र्यंबकचा मुलगा, मुंबईची कलाशाळा आणि प्रोफेसर केळफा

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांच्या नोकरीमुळे कुटुंब मुंबईला आलं आणि १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, मूर्ती घडवणं, वास्तुकला, फोटोग्राफी, छपाईचे ब्लॉक बनवणं, जे दिसेल ते शिकत गेले. वरवर पाहता हा सगळा पसारा वाटतो. पण पुढे सिनेमात यातलं एकही वाया गेलं नाही.

त्यानंतरची वर्षं मात्र खडतर होती. गोध्र्यात त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. पण प्लेगने पहिली पत्नी आणि मूल दोघांनाही हिरावून नेलं. १९०२ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. या बाई म्हणजे सरस्वतीबाई. त्यांचं नाव लक्षात ठेवा, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही.

याच काळात फाळके जादूही शिकले. आडनावाची अक्षरं उलटसुलट करून ते 'प्रोफेसर केळफा' या नावाने प्रयोग करायचे. हा काही निव्वळ गमतीचा तपशील नाही. जादूगाराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: प्रेक्षकाला काय दाखवायचं यापेक्षा कोणता क्षण दाखवायचा नाही, हे जास्त महत्त्वाचं. सिनेमातल्या ट्रिकची आणि अ‍ॅनिमेशनची सगळी मेख तिथेच आहे. दोन फोटोंच्या मधल्या वेळात हात येतो, वस्तू हलवतो आणि निघून जातो. पडद्यावर तो हात कधीच दिसत नाही.

मधल्या काळात पुरातत्त्व खात्यात नोकरी झाली. ती सोडून लोणावळ्यात छापखाना झाला. तिथे रवी वर्मा प्रेससाठी देवादिकांच्या चित्रांच्या छपाईचं काम चाललं. पुढे छापखाना दादरला आला आणि रंगीत छपाईची यंत्रं आणण्यासाठी १९०९ मध्ये फाळके जर्मनीलाही जाऊन आले. धंदा चांगला चालला होता. पण भागीदाराशी पटलं नाही. फाळके बाहेर पडले, हातात काहीही न घेता.

वय चाळिशीचं, घरात लेकरं, आणि उत्पन्न शून्य.

वाटाण्याने मिळवून दिलेलं कर्ज

१९११ च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावातल्या एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू चालत होता आणि फाळकेंच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण चालायला लागले.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला वेडच म्हणावं लागेल. दिवसाला चार-पाच तास सिनेमे बघायचे, उरलेल्या वेळात त्यावरच काम करायचं. झोप नाही. शेवटी डोळ्यांनीच साथ सोडली. काही काळ दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली आणि ते पुन्हा त्याच कामाला लागले.

विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं. तिथे सेसिल हेपवर्थ या चित्रपट निर्मात्याच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं. ५० पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. सोबत फिल्मला भोकं पाडायचं यंत्र, आणि कोडॅकच्या कच्च्या फिल्मची ऑर्डर. १ एप्रिल १९१२ ला ते परतले.

आता कॅमेरा आला, पण पूर्ण लांबीचा सिनेमा काढायला लागणारा पैसा नव्हता. आणि सिनेमा नावाच्या प्रकाराला कर्ज कोण देणार? सावकाराला दाखवायला काहीतरी हवं होतं.

फाळकेंनी कुंडीत वाटाणा पेरला.

कॅमेरा त्या कुंडीवर रोखला आणि हलवला नाही. मग थोडी थोडी चित्रं घ्यायची, थांबायचं, पुन्हा घ्यायची. महिन्याहून जास्त काळ हे चाललं. एवढ्या खटाटोपानंतर हाती आला जेमतेम एका मिनिटाचा सिनेमा. पण त्या मिनिटात मातीतून कोंब वर यायचा, वळायचा, पानं उघडायची आणि वाटाण्याचा वेल डोळ्यांदेखत वाढायचा. 'अंकुराची वाढ' या नावाने तो ओळखला जातो.

तांत्रिक अर्थाने हे अ‍ॅनिमेशन नव्हे. आज फोनमध्ये ज्याला टाइमलॅप्स म्हणतात, ते हे. पण तत्त्व एकच: हालचाल कॅमेऱ्यासमोर घडत नाही, ती दोन चित्रांच्या मधल्या फटीत घडते. वाटाण्याच्या बाबतीत ती फट निसर्ग भरत होता.

हा मिनिटभराचा खेळ त्यांनी निवडक लोकांना दाखवला. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी तो पाहिला आणि कर्ज द्यायची तयारी दाखवली. सरस्वतीबाईंनी दागिने दिले. भारतातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाचं भांडवल असं एका वेलीने उभं केलं.

अंधारातली भोकं

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. बाई मिळाली नाही म्हणून तारामतीच्या भूमिकेत हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. इथे आपण थोडं कमी ऐकलेलं बघू.

हा सिनेमा ३,७०० फुटांचा होता. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं मावतात. म्हणजे साधारण ५९ हजार फोटो. प्रत्येक फोटोच्या दोन्ही कडांना चार-चार भोकं, म्हणजे एका फोटोला आठ. याच भोकांना धरून यंत्र फिल्म पुढे ओढतं.

आज कॅमेऱ्यात जाणारी फिल्म भोकं पाडूनच येते. फाळकेंकडे ती कोरी यायची. भोकं घरी पाडायची, तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म गेली. हे काम सरस्वतीबाई करायच्या. शिवाय फिल्म रसायनात धुणं, चित्रीकरणात पांढरी चादर धरून उभं राहणं, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक.

आता मूळ प्रश्नाकडे या. पडद्यावरची चाल खरी कधी वाटते? नटाने चांगलं चालून भागत नाही. एक भोक केसभर जरी इकडेतिकडे गेलं, तर ते चित्र आधीच्या चित्राच्या बरोब्बर जागी बसत नाही. मग राजा चालताना थरथरतो, त्याच्यामागचा राजवाडाही थरथरतो, आणि प्रेक्षकाला गोष्ट सोडून यंत्र दिसायला लागतं. हरिश्चंद्र स्मशानाकडे स्थिर पावलांनी गेला, त्यात सरस्वतीबाईंच्या अंधारातल्या बोटांचा मोठा वाटा होता. श्रेयनामावलीत मात्र त्या दिसत नाहीत.

आगकाड्यांची मौज

त्यानंतर फाळके नाशिकला गेले. 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' हे सिनेमे तिथे झाले. १९१४ मध्ये पुन्हा लंडन. तिथे त्यांनी आपले सिनेमे दाखवले, कौतुक झालं, तिथेच राहून काम करण्याबद्दल विचारणाही झाली. ते परत आले.

आणि पहिलं महायुद्ध सुरू झालं. कर्ज देणारे मागे सरले. कच्ची फिल्म परदेशातून येणार, तिची टंचाई. मोठा पौराणिक सिनेमा काढायचा तर नट हवेत, कपडे हवेत, रोज जेवणावळी हव्यात. आगकाड्यांना यातलं काहीच लागत नाही.

१९१५ चा 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट याच काळातला. भारतीय अ‍ॅनिमेशनचा इतिहास सांगताना बहुतेक जण याच नावापासून सुरुवात करतात. जगात हा प्रकार अगदी नवा नव्हता. फ्रान्सच्या एमिल कोल यांनी १९०८ मध्येच आगकाड्या नाचवल्या होत्या. पण कोल यांच्या मागे फ्रान्समधल्या बड्या फिल्म कंपनीची यंत्रणा होती. इकडे कॅमेरा एक, फिल्म मोजून मापून, आणि चुकलं तर पुन्हा करायला पैसे नाहीत.

हे काम कसं चालतं? आगकाड्या टेबलावर मांडायच्या. एक चित्र घ्यायचं. एका काडीला जरासं सरकवायचं. पुन्हा एक चित्र. त्या काळी हाताने फिरवायचे कॅमेरे सेकंदाला साधारण १६ चित्रं घ्यायचे. म्हणजे पडद्यावर दहा सेकंदांची मौज हवी असेल तर १६० वेळा हात लावायचा आणि १६० वेळा मागे घ्यायचा. मध्येच टेबलाला धक्का लागला की संपलं. झालेलं काम लगेच बघायची सोय नाही. फिल्म धुऊन आल्यावरच कळणार काय झालंय ते.

वाटाण्याची फट निसर्ग भरत होता. इथे ती स्वतः भरायची होती, आणि खरी परीक्षा तिथेच होती. काडी प्रत्येक वेळी सारख्याच अंतराने सरकवली, तर ती ओढल्यासारखी दिसते. तिला जीव आला असं वाटायला सुरुवातीला अगदी थोडं, मग जास्त, आणि थांबताना पुन्हा थोडं सरकवावं लागतं. जड वस्तू हळू सुटते आणि हळू थांबते, हे आपल्या डोळ्याला लहानपणापासून माहीत असतं. गेममधल्या पैलवानाला वजन देतात ते याच हिशोबाने.

पटत नसेल तर घरी दोन आगकाड्या घ्या, फोन एका जागी पक्का ठेवा आणि त्यांना चार पावलं चालवून बघा. पाचव्या मिनिटाला फाळकेंबद्दलचा आदर वाढलेला असेल.

रामाची चाल, सीतेची चाल

१९१७ च्या 'लंकादहन'मध्ये फाळकेंनी अण्णा साळुंके यांच्याकडून एक अचाट काम करून घेतलं. राम तेच, सीताही तेच. एकच शरीर, एकच खांदे, पण चाली दोन. राम चालला की वजन खांद्यांत हवं, सीता चालली की पावलं जवळ आणि नजर खाली. सीतेचे दंड जरा जास्तच कमावलेले दिसतात, ही थट्टा आजही चालते. पण त्या काळच्या प्रेक्षकाला त्याने काही अडलं नाही. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांना पाहणाऱ्या या प्रेक्षकाला बाईचं मन आणि चाल पटली की पुरे होतं. पडद्यावर राम आला की लोक पायातले जोडे काढायचे, असं सांगतात.

याच सिनेमात हनुमान उडतो आणि लंका जळते. पण लढाई म्हणून पाहायची तर १९१९ चा 'कालिया मर्दन' बघायला हवा. यात यमुनेतल्या विषारी कालिया नागाशी झुंजणारा बाळकृष्ण आहे फाळकेंची मुलगी मंदाकिनी, वय जेमतेम सात.

विचार करा, काय अडचण होती. एका बाजूला जिवंत लहान मुलगी. दुसऱ्या बाजूला बनवलेला भलामोठा नाग. नाग खरा वाटला नाही तर सगळं हसं होणार. यात फाळकेंनी वजनाचं सगळं काम मुलीवर टाकलं. ती नागाला कवटाळते, धडपडते, आणि तिच्या शरीराच्या ताणातून आपल्याला नागाची ताकद कळते. कठपुतळीला जे करता येत नाही ते समोरच्या माणसाने करायचं. आजही अ‍ॅक्शन सिनेमात ठोसा कितीचा बसला हे मारणाऱ्यापेक्षा खाणाऱ्याच्या अंगावरूनच कळतं.

मग काय झालं?

१९१८ मध्ये पाच भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली होती. पैसा आला आणि त्याबरोबर हिशोब मागणारेही आले. एका बैठकीत महिनाभर वाटाण्यावर कॅमेरा रोखून धरणाऱ्या माणसाला खर्चाच्या चौकशा सोसवेनात. कंटाळून ते काशीला निघून गेले. तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. नंतर परत येऊन कंपनीत काम केलं, पण पहिल्यासारखं काही राहिलं नाही.

१९३१ मध्ये बोलपट आला आणि खेळच बदलला. 'सेतुबंधन' मूकपट म्हणून बनला आणि नंतर त्याला आवाज चिकटवावा लागला. १९३७ चा कोल्हापूर सिनेटोनचा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव खरा बोलपट आणि शेवटचा सिनेमा. नव्वदहून जास्त सिनेमे आणि पंचविसेक लघुपट करणारा हा माणूस नंतर नाशिकमध्ये विस्मरणात गेला. १६ फेब्रुवारी १९४४ ला तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ मध्ये.

त्यांनी सुरू केलेली अ‍ॅनिमेशनची वाट त्यांच्या हयातीतच जवळपास बुजली. आपल्याकडे पौराणिक सिनेमाच्या फॅक्टऱ्या उभ्या राहिल्या, आगकाडीवाल्या प्रयोगांना कोणी विचारलं नाही. पुण्यात प्रभातने १९३४ मध्ये 'जंबू काका' हे कार्टून केलं, पण तेही तुरळकच. नीट शिक्षण सुरू व्हायला १९५६ उजाडलं. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले आणि त्यांच्या हाताखाली राम मोहन यांच्यासारखी मंडळी शिकली. म्हणजे फाळकेंच्या आगकाड्या आणि आपल्याकडचा पहिला पद्धतशीर अ‍ॅनिमेशन वर्ग यांच्यात ४१ वर्षांचं अंतर आहे.

फाळकेंच्या बहुतेक फिल्मा आज शिल्लक नाहीत. त्या काळची नायट्रेट फिल्म पटकन पेट घ्यायची, आणि पेटली नाही तरी नुसती ठेवून खराब व्हायची. 'राजा हरिश्चंद्र'ची जी रिळं उरली, ती १९१३ ची की पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे.

'कालिया मर्दन' मात्र बराचसा वाचला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने तो जपला आणि तो इंटरनेटवरही बघायला मिळतो. त्याची सुरुवात जरूर बघा. गोष्ट सुरू होण्याआधी पडद्यावर फक्त मंदाकिनीचा चेहरा येतो. ती कॅमेऱ्यात बघून एकामागून एक भाव बदलून दाखवते. मग त्याच चेहऱ्यावर हळूहळू मुकुट चढतो, मुलगी विरते आणि तिच्या जागी कृष्ण येतो.